‘घोड्याला विष कळतं’ हा समज घोड्याच्या जिवावर बेततो

घोडेवाल्यांच्या आणि पशुपालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतो आहे. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. घोड्याला विषारी पाला उपजतच कळतो, तो त्याला तोंड लावत नाही. शेळी जे खाते ते घोड्याला खुशाल घाला. पाला वाळला की विष उडून जातं. पूर्वीचे घोडे रानात मोकळे चरत, त्यांना काही झालं नाही. आणि बाधा झालीच तर तेल नाहीतर ताक पाजा, घोडा ओकून मोकळा होतो. खाली हजारभर लोकांनी हात जोडलेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

उपजत ज्ञानाचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि लोक फसतात ते त्या अर्ध्यामुळेच. पोट भरलेला घोडा कडू, उग्र पाला सहसा टाळतो. कण्हेरीचं ओलं पान हुंगून सोडलेला घोडा अनेकांनी पाहिला असेल. पण त्याला तिथे विष कळलेलं नसतं, चव नको असते. चारा संपला, घोडा दिवसभर एकाच जागी बांधलेला राहिला, की ती नावड टिकत नाही. अनुभवातून शिकेल म्हणावं, तर तेही मर्यादितच. पोनींवर झालेल्या प्रयोगांत असं दिसलं की खाल्ल्याबरोबर मळमळ झाली तर ते त्या चाऱ्याला पुढे तोंड लावत नाहीत. तोच त्रास अर्ध्या तासाने झाला तर दोन्हींचा संबंध त्यांना लागत नाही. यकृत पोखरणारी विषं तर आठवडे, कधी महिने घेतात. ऑस्ट्रेलियाच्या किम्बर्ली भागात खुळखुळा या शेंगा येणाऱ्या रानझुडपाची एक जात खाऊन घोड्यांचं यकृत निकामी होई. मग ते दिशा नसल्यासारखे मैलोन् मैल चालत राहात, कुंपण आडवं आलं की त्यालाच डोकं टेकून ढकलत राहात. त्या आजाराला किम्बर्लीचंच नाव पडलं. ती जात, क्रोटालेरिया रेटुसा, आपल्याकडेही उगवते. महिन्यापूर्वी खाल्लेल्या शेंगेचा दोष आज कळायला कुठल्या घोड्याची उपजत बुद्धी पुरेल?

शेळीच्या मुद्द्यावर जास्त थांबतो, कारण यातून होणारं नुकसान हळूहळू होतं आणि खापर भलत्यावरच फुटतं. गाय, म्हैस, शेळी रवंथ करतात. चारा आधी पहिल्या पोटात जातो, तिथले जंतू तो फोडतात, आणि त्यात काही विषंही मोडली जातात. घोडा रवंथ करत नाही. त्याचा चारा कुजवणारे जंतू मागच्या आतड्यात असतात, तोवर विष लहान आतड्यातून रक्तात गेलेलं असतं.

सुबाभूळ घ्या. सत्तरच्या दशकात उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेने तिचा महाराष्ट्रात जोरात प्रसार केला, आणि शेळ्यांसाठी ती खरंच चांगली आहे. पण तिच्या पाल्यात मिमोसिन नावाचं विष असतं. हवाईतल्या शेळ्या सुबाभूळ पचवतात आणि ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना तीच बाधते, हे कोडं रेमंड जोन्स या संशोधकाने सोडवलं. हवाईतल्या शेळ्यांच्या पोटात मिमोसिनचा पुढचा विषारी अंश मोडणारा एक जंतू होता. 1980 च्या दशकात तो ऑस्ट्रेलियात नेला आणि तिथल्या गुरांना सुबाभूळ पचू लागली. त्या जंतूला पुढे त्यांच्याच नावावरून सिनर्जिस्टिस जोन्सिआय म्हणू लागले. घोड्याला त्या पहिल्या पोटाचा आधारच नाही. रोज सुबाभूळ खाणाऱ्या घोड्याला खरारा करताना आयाळीत बोटं घातली तर केसांचा पुंजका मुळासकट हातात येतो. शेपटी झडून दांडा उघडा पडतो. खुरांवर आडव्या कडा उठतात, पाय दुखतात. मालक जंताचं औषध देतो, खरजेचं मलम चोळतो, दृष्ट काढतो, आणि संध्याकाळी पुन्हा सुबाभळीची पेंढी टाकतो. पाला बंद केला तर केस बहुधा परत येतात. ‘शेळी खाते’ हे वाक्य कानावर पडलं की म्हणूनच माझा संताप होतो.

आता वाळलेल्या पाल्याचं. हा समज आला कुठून ते उघड आहे. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांत सायनाइड तयार होतं. कडबा नीट वाळला की ते बहुतेक निघून जातं. प्रत्येक शेतकऱ्याला हे ठाऊक आहे, आणि ज्वारीपुरतं ते बरोबरच आहे. मात्र हिरव्या ज्वारीवर बरेच दिवस चारलेल्या घोड्याचा मागचा भाग लुळा पडतो आणि लघवी सतत ठिबकत राहते, हेही त्या मजकुरात यायला हवं होतं. पण ज्वारीचा नियम कण्हेरीला लावणं म्हणजे घोड्याचा जीव घेणं. कण्हेरीतलं ओलिअँड्रिन हे विष वाळल्याने जात नाही, कडवटपणा मात्र कमी जाणवतो, त्यामुळे घोडा ओलं टाळतो ते पान वाळल्यावर चाऱ्याबरोबर खाऊन टाकतो. पाचशे किलोच्या घोड्याला पंचवीस ग्रॅमच्या आसपास वाळलेली पानं पुरतात. म्हणजे जेमतेम एक मूठ. बंगल्याच्या कुंपणाची किंवा रस्त्याच्या दुभाजकाची छाटणी होते, ढीग दोन दिवस उन्हात पडतो, आणि कुणीतरी चांगल्या मनाने तो शेजारच्या घोड्यापुढे टाकतो. ब्रिटनमध्ये रॅगवर्ट नावाच्या पिवळ्या फुलांच्या तणाचं असंच आहे. वाळलेल्या गवतात मिसळून ते घोड्यांच्या यकृतावर उठतं. 2003 साली तिथे त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

जुन्या काळाच्या दाखल्याला उत्तर सोपं आहे. ज्या झाडांची आज भीती आहे त्यातली कितीतरी मराठ्यांच्या घोडदळाने पाहिलीसुद्धा नव्हती. घाणेरी एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या बागांतून पसरली. सुबाभूळ, बेशरम, पिवळी कण्हेर ही सगळी मूळची अमेरिका खंडातली. शिवाय मोकळ्या रानात चरणाऱ्या घोड्यापुढे पन्नास प्रकारचं गवत असतं. लग्नसराईत मांडवामागे बांधलेल्या घोड्यापुढे माणूस टाकेल तेवढंच असतं. निवड माणसाची असते, घोड्याची नाही. आणि पूर्वी पागेत मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे नोकर असत. ते चंदी, म्हणजे घोड्याचं धान्य, निवडून तोबऱ्यात भरत. न निवडलेल्या चंदीत धोतऱ्याचं बी गेलं तर आतड्याची हालचाल थांबते, पोट फुगतं. एरंडाच्या बियांना घोडा तर इतर जनावरांपेक्षाही नाजूक.

शेवटचा, औषधाचा मुद्दा सगळ्यांत घातक. घोडा ओकत नाही. त्याच्या अन्ननलिकेच्या टोकाचा स्नायू इतका घट्ट आवळलेला असतो की जठर फुटण्याची वेळ आली तरी अन्न वर येत नाही. त्यामुळे ‘ओकून मोकळा होतो’ हे निखालस खोटं आहे. डोकं वर बांधून बाटलीने तेल ओतलं तर ते फुप्फुसात उतरू शकतं, आणि विषातून वाचला असता असा घोडा न्यूमोनियाने जातो.

आपल्याकडे पोट दुखणारा घोडा फिरवतात. कण्हेरीचा संशय असेल तर तेही करू नका. हे विष हृदयावर जातं. डाव्या कोपरामागे तळहात टेकवला तर ठोके अडखळताना, मध्येच एखादा गळताना जाणवतात. असा घोडा चालताना कोसळतो. त्याला सावलीत उभा ठेवा, पुढचा चारा लगेच उचला, आणि तासभर वाट बघत न बसता डॉक्टरला बोलवा. डॉक्टर नाकातून नळी घालून थेट जठरात औषधी कोळशाची (ॲक्टिवेटेड चारकोल) पूड सोडू शकतात. मोठ्या घोड्याला ती अर्धा किलो किंवा त्याहून जास्तही लागते आणि जितकी लवकर जाईल तितका उपयोग. गव्हाणीत उरलेला पाला फेकू नका, त्यातली एक फांदी पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. कण्हेर की धोतरा, यावर पुढचं इंजेक्शन ठरतं.