नाटकं करायलास का?

आज सकाळी भाच्याच्या शालेय फुटबॉल सामन्याला गेलो होतो. 14 वर्षांखालचा गट. सामना सुरू व्हायच्या जरा आधी लेकरू गुपचूप बाजूला सरकलं, लिंबाच्या झाडाआड वाकलं आणि सकाळचे पोहे सगळे बाहेर. एक हात झाडाला, दुसऱ्या हातात शिनगार्ड, बुटाला काळ्या मातीचे गोळे. मी पाण्याची बाटली घेऊन निघालो, तोवर त्याचे कोच तिथं पोचलेच होते. "नाटकं करायलास का? भ्या वाटायलंय तर जा घरी, आईपाशी बस." आख्ख्या टीमसमोर! समोरच्या शाळेची पोरं फिदीफिदी हसली.

तेव्हापासून डोकं फिरलंय माझं. हे लांबणार आहे, आधीच सांगतो.

पेर मेर्टेसाकर नावाचा जर्मन डिफेंडर होता. आर्सेनल या लंडनच्या क्लबच्या चाहत्यांना सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. उंची 1 मीटर 98 सेंटिमीटर, धिप्पाड गडी. हॅनोव्हरला सुरुवात, मग ब्रेमेन, आणि 2011 मध्ये देश सोडून लंडनला. आर्सेनल तेव्हा मँचेस्टर युनायटेडकडून 8-2 नं मार खाऊन बसलेली, त्या आठवड्यात हा तिथं दाखल झाला. हळू पळतो म्हणून लोकांनी लई टिंगल केली. त्यानं पुढं 2014 चा वर्ल्ड कप जिंकला, जर्मनीसाठी 104 सामने खेळला. आणि 2018 साली निवृत्तीच्या तोंडावर 'डेर श्पीगल' या जर्मन साप्ताहिकाला मुलाखत देऊन सांगून टाकलं की सामन्याच्या दिवशी सकाळपासून पोट बिघडायचं, आणि सामना सुरू व्हायच्या काही क्षण आधी ओकारीची अशी उबळ यायची की डोळ्यांतून पाणी यायचं. कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून तोंड बाजूला फिरवायचा. हे 500 हून जास्त सामने खेळलेल्या माणसाचं!

त्याला कोण म्हणणार होतं, जा आईपाशी बस?

तर म्हणणारे निघालेच. लोथार मॅथेऊस, जर्मनीचा 1990 चा जगज्जेता कर्णधार. त्याचं म्हणणं, असं बोलणारा माणूस पोरांना काय घडवणार? कारण मेर्टेसाकर त्यानंतर आर्सेनलच्या अकादमीचा प्रमुख होणार होता. म्हणजे आमचे कोच एकटे नाहीत. तिकडंही तीच जात आहे, फक्त त्यांचा ट्रॅकसूट भारी.

क्लबनं मात्र त्याच माणसाच्या हातात लेकरं दिली, आणि चांगलं केलं. झाडाआड वाकलेलं पोरगं नाटक करतंय का त्याला खरंच होतंय, हे ज्याच्या स्वतःच्या पोटात 15 वर्षं कालवलंय त्याला नाही कळणार तर कोणाला कळणार? हेल एंड म्हणतात त्या अकादमीला. इंग्लंडचा बुकायो साका तिथलाच, 2021 च्या युरो फायनलला 19 व्या वर्षी पेनल्टी हुकली, सोशल मीडियावर वर्णावरून घाण शिव्या खाल्ल्या, तरी 2024 च्या युरोत स्वित्झर्लंडविरुद्ध पुन्हा पेनल्टी घ्यायला गेला आणि मारली. आता लगेच कोणी सांगायला येऊ नका की साका सात वर्षांचा असल्यापासून तिथं होता, त्याला मेर्टेसाकरनं घडवला नाही. ठाऊक आहे. मुद्दा तो नाही.

मुद्दा हा आहे की आपल्याकडं लेकराला पोट आहे हेच कोणाला मान्य नाही. आपल्या लातुरात तर बोलायलाच नको. अख्ख्या महाराष्ट्रातून लेकरं नीटच्या क्लासला येतात, टेस्टच्या दिवशी सकाळी बेसिनपाशी किती जण उभे असतील, एखाद्या होस्टेलच्या मावशीला विचारा. खेळात तरी सुटका असावी की नाही? तर तिथंही आईबाप बाउंड्रीवर उभे राहून ओरडणार, कारण राज्यापर्यंत गेलं की दहावी-बारावीला वाढीव गुण, पुढं नोकरीत 5 टक्के आरक्षण. लेकरू तिकडं झाडाआड ओकायलंय आणि इकडं सर्टिफिकेटची चर्चा. एक बाप तर चक्क "गोलकीपरला हाण" म्हणत होता. तेरा वर्षांच्या पोराला!

बरं, कोचचंही थोडं सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. त्यांना पगार म्हणून काय मिळतं ते मला माहीत आहे, सांगायची लाज वाटेल इतकं. मैदानावर पाणी नाही, सावली नाही, दोन बॉलवर आख्खी टीम. हाफटाइमला केळी त्यांनी स्वतःच्या खिशातून आणली होती, हे मी पाहिलंय. त्यांना घडवताना त्यांच्या सरांनी बहुतेक पट्ट्यानंच घडवलं असणार. शिस्त लागते, मान्य.

पण 'आईपाशी बस' कशासाठी? आईपाशी बसणं म्हणजे शिवी कधीपासून झाली?

संध्याकाळी भाच्याला मेर्टेसाकरचं सगळं सांगितलं. 2006 ची गोष्ट पण सांगितली. घरच्या वर्ल्ड कपची सेमीफायनल, जर्मनी इटलीकडून हरली, सगळा देश रडायला, आणि हा 21 वर्षांचा गडी वाईट वाटत असतानाही आतून सुटल्यासारखा झाला, की संपलं एकदाचं. भाच्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, मग त्यानं कोणाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. खेळ सोडताना."

"तोवर कोणालाच नाही?"

काय सांगू त्याला? त्याला त्याची टीममधली जागा जाईल याची भीती आहे, म्हणून त्यानंही घरी कोणाला सांगितलं नव्हतं. मी तिथं नसतो तर आजही कळलं नसतं. ताईला फोन केला तर ती म्हणाली, मागच्या वेळी पण डबा तसाच आणला होता, मला वाटलं भाजी आवडली नसेल.

पुढच्या सामन्याला मी येतोय, सर. पाण्याचा जार आणि केळी यावेळी माझ्याकडून. तुमच्याशी बोलायचंय. भांडायला नाही येणार. बरं, थोडं भांडायलाही.