बूट ड्राइव्ह बंद पडल्यावरचा पहिला तास: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रागाची आहे आणि तो राग मला पटतो, म्हणून सविस्तरच लिहितो.

बाकी वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. घरच्या स्टोरेज सर्व्हरवरच्या लेखात मी लिहिलं होतं की बूट ड्राइव्ह (सर्व्हर जिच्यावरून सुरू होतो ती ड्राइव्ह) गेली तरी डेटा डिस्कवर शाबूत असतो. त्यावर परभणीहून या दादांचं म्हणणं असं की हे वाचून लोक गाफील राहतील. त्यांच्या एका स्टुडिओवाल्या मित्राच्या ट्रूनॅस (स्टोरेज सर्व्हर चालवणारी सिस्टिम) सर्व्हरची बूट एसएसडी गेली, मशीन दुकानात नेलं, आणि परत आलं तेव्हा चार डिस्कवरचं कितीतरी लग्नांचं शूटिंग गायब होतं. पुढे ते म्हणतात, ही यंत्रं पुण्या-मुंबईच्या लोकांना ठीक आहेत. आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही, दुरुस्त करणारा माणूस मिळत नाही, त्यापेक्षा साधी एक्स्टर्नल हार्डडिस्क बरी.

माझं वाक्य मी मागे घेत नाही. तुमच्या मित्राचा डेटा कशाने गेला ते तुमच्याच प्रतिक्रियेत आहे. दुकानातल्या मुलाने नवी एसएसडी बसवली, ट्रूनॅस पुन्हा टाकलं आणि ‘चारही डिस्क रिकाम्या दिसत होत्या म्हणून नवा पूल बनवून दिला’. पूल म्हणजे अनेक डिस्क एकत्र करून बनवलेली साठवणीची एकच जागा. दादा, डेटा या शेवटच्या पायरीवर गेला. तोपर्यंत एकूण एक लग्न त्या डिस्कवर होतं. ताज्या टाकलेल्या सिस्टिमला जुन्या पूलची ओळख नसते, त्यामुळे त्या डिस्क तिला कुणाच्याच नाहीत अशा दिसतात. नव्या आवृत्त्या अशा डिस्कबद्दल इशारा देतात, पण गिऱ्हाईक समोर उभं असताना इशारा वाचायला वेळ कुणाला असतो? तिथे ‘इंपोर्ट’ दाबायचं होतं, ‘क्रिएट’ दाबलं गेलं. त्या मुलालाही मी फार दोष देणार नाही. विंडोजचं मशीन आलं की फॉरमॅट मारून नवं करून देणं हेच त्याला शिकवलेलं असतं.

आता मी इतक्या ठामपणे का बोलतो ते सांगतो. ट्रूनॅसच्या पोटात झेडएफएस आहे, म्हणजे डिस्कवर फाइली कशा ठेवायच्या ते सांभाळणारी यंत्रणा. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी २००१ मध्ये त्यावर काम सुरू केलं आणि २००५ मध्ये त्याचा कोड खुला झाला. एका सर्व्हरवरच्या डिस्क काढून दुसऱ्याला लावता याव्यात, म्हणून पूलची ओळख कुठे ठेवायची हा विचार सुरुवातीपासूनच केलेला आहे. प्रत्येक डेटा डिस्कवर त्या ओळखीच्या चार प्रती असतात, दोन सुरुवातीला आणि दोन शेवटाला, प्रत्येकी २५६ केबीच्या. पूलचं नाव, त्याचा क्रमांक, ही डिस्क कुठल्या गटातली आणि तिच्या सोबतीला कोण, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. आमच्या लातूरच्या आडतीवर पोत्यावर मार्का असतो ना, तसंच. ट्रक बदलला, हमाल बदलला, थप्पीतला क्रम बदलला तरी माल कुणाचा ते पोतंच सांगतं. म्हणून मदरबोर्ड बदला, केबलींची अदलाबदल करा, दुसऱ्याच कॉम्प्युटरला चारही डिस्क लावा. इंपोर्ट केलं की पूल उभा राहतो.

बूट ड्राइव्हवर मग असतं काय? सिस्टिम आणि सेटिंग. वापरकर्ते, शेअर, पासवर्ड, नेटवर्कचे आकडे. हे गेलं तर मनस्ताप होतो, पण डेटा जात नाही. याला एक मोठा अपवाद आहे आणि त्या बाबतीत तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. डेटासेट (पूलमधला एक कप्पा) एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीने कुलूपबंद, केलेला असेल आणि त्याला स्वतःचा पासफ्रेज न देता ट्रूनॅसनेच किल्ली बनवली असेल, तर ती किल्ली बूट ड्राइव्हवरच्या डेटाबेसमध्ये असते. बूट ड्राइव्ह मेली आणि किल्ली बाहेर कुठे काढून ठेवलेली नसेल, तर डिस्क ठणठणीत असूनही डेटा गेला. कुणीही तो उघडून देऊ शकत नाही आणि देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. ज्यांनी एन्क्रिप्शन चालू केलंय त्यांनी हे वाचणं थांबवून आधी किल्लीची फाइल उतरवून घ्यावी. सेटिंगची फाइल उतरवतानाही ‘सीक्रेट सीड’ सोबत घ्यायचा पर्याय असतो, त्यावर खूण करायची. तो सीड नसेल तर फाइलमधले पासवर्ड आणि किल्ल्या नव्या सिस्टिमला वाचता येत नाहीत.

आता तो पहिला तास. माझ्या मते सगळी हानी याच तासात होते, आणि ती घाबरलेल्या माणसाच्या हातून होते. डिस्क आपोआप मरतात त्यापेक्षा जास्त वेळा त्यांच्यावर लिहिलं जातं.

स्क्रीनवर बूट डिव्हाइस सापडत नाही असं आलं म्हणजे बूट ड्राइव्ह मेलीच असं धरू नका. आपल्याकडे याचं एक वेगळंच कारण बरेचदा निघतं. जुन्या मदरबोर्डवरचा तो रुपयाएवढा सेल, सीआर २०३२, संपलेला असतो. लाईट असेपर्यंत काही कळत नाही. लाईट जाऊन आली की बायोस (मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) सगळं विसरतं आणि बूटचा क्रम बदलून डेटा डिस्कवरून सुरू व्हायला बघतं. तिथे सिस्टिम नसतेच, मग मशीन अडून बसतं. सेल बदलायचा, बायोसमध्ये जाऊन बूटचा क्रम नीट लावायचा, एसएसडीची केबल आणि पॉवरची पिन काढून पुन्हा घट्ट बसवायची. एवढ्यानेही बायोसमध्ये एसएसडी दिसलीच नाही, तर मात्र ती गेली.

मग मशीन बंद करून चारही डेटा डिस्कच्या केबली काढा. इथे कंटाळा करू नका. नवी सिस्टिम टाकताना इन्स्टॉलर मशीनमधल्या सगळ्या डिस्कची यादी दाखवतो, आणि त्यात चुकीच्या नावावर खूण केली की ती डिस्क पुसली जाते. केबलच नसेल तर चूक करायची सोयच उरत नाही. नवी एसएसडी लावा, सिस्टिम टाका, ती नीट सुरू होते का बघा, बंद करा, आणि मगच डेटा डिस्क जोडा. सिस्टिम टाकायला दुकानातला जुना पेनड्राइव्ह वापरू नका, ताजी आवृत्ती उतरवून घ्या. पूल एकदा नव्या आवृत्तीत ‘अपग्रेड’ केलेला असेल तर जुनी आवृत्ती तो घेत नाही, हे फीचर मला कळत नाही असं म्हणते. अशा वेळी ‘पूल खराब झालाय’ असा अर्थ काढून लोक फॉरमॅटवर येतात, आणि खराब काहीच झालेलं नसतं.

इंपोर्टच्या वेळी आणखी एक मजकूर घाबरवतो: हा पूल दुसऱ्या सिस्टिमवर वापरात होता. बरोबरच आहे. जुनी सिस्टिम अचानक गेली, तिला पूल सोडून द्यायची संधी मिळाली नाही. दोन मशीनांनी एकाच वेळी त्याच डिस्कवर लिहू नये म्हणून ही अडवणूक आहे. जुनी सिस्टिम मेलीच आहे, तर जबरदस्तीने इंपोर्ट करायला हरकत नाही. फार मोलाचा डेटा असेल आणि कमांड लाइन येणारा कुणी सोबत असेल, तर मी आधी पूल ‘रीडओन्ली’ इंपोर्ट करायला सांगतो. त्या अवस्थेत डिस्कवर एक अक्षर लिहिलं जात नाही. महत्त्वाचे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचे, पूल एक्सपोर्ट करायचा, म्हणजे रीतसर सोडून द्यायचा, आणि मग ट्रूनॅसच्या वेबपानावरून रीतसर इंपोर्ट करायचा. कमांडने आणलेला पूल त्या पानाला माहीत नसतो, म्हणून हा फेरा.

पूल आला, फोल्डर दिसले, आणि उघडायला गेलं तर परवानगी नाही! इथेही माणसं हाय खातात. फाइलची मालकी नावाने लिहिलेली नसते, आकड्याने लिहिलेली असते. नव्या सिस्टिमवर तुम्ही त्याच नावाचा वापरकर्ता बनवला तरी त्याला वेगळा आकडा मिळाला, तर जुन्या फाइलींना तो परका वाटतो. वापरकर्ता बनवतानाच जुना आकडा द्यायचा, नाहीतर मालकी नव्याने लावून द्यायची. सेटिंगची फाइल जपून ठेवलेली असेल तर ती वर चढवली की हा प्रश्नच येत नाही. ती फाइल अगदी छोटी असते, स्वतःला मेल करून ठेवली तरी चालते (मेलमध्ये सीड जाऊ नये असं वाटत असेल तर पेनड्राइव्हवर ठेवा). आणि तीही नसेल, तरी पूर्ण निराश होऊ नका. सिस्टिम डेटासेट, म्हणजे ट्रूनॅसचा स्वतःच्या वापराचा कप्पा, डेटा पूलवर ठेवलेला असेल तर ट्रूनॅस रोज सेटिंगची एक प्रत त्यात लपवून ठेवतं. सीड मात्र तिच्यात नसतो.

ओपनमीडियाव्हॉल्ट (ट्रूनॅससारखीच दुसरी सिस्टिम) आणि लिनक्सची साधी रेड (डिस्क एकत्र जोडायची पद्धत) वापरणाऱ्यांनाही हेच लागू आहे. तिथेही रेडची ओळख प्रत्येक डिस्कवर असते. जुळवायची आज्ञा ‘असेंबल’, आणि ‘क्रिएट’ला हात लावायचा नाही. कंपनीचे तयार डबे मात्र बहुधा आपली सिस्टिम डेटा डिस्कवरच ठेवतात, त्यांची गोष्ट वेगळी.

आता लाईट आणि माणूस हे तुमचे दोन मुद्दे. लाईटचा मुद्दा खरा आहे. अचानक वीज गेली तर झेडएफएस शेवटची काही सेकंदं गमावून आधीच्या नीट अवस्थेवर येतं, पण स्वस्तातली बूट एसएसडी किंवा पेनड्राइव्ह अशाच झटक्यांनी मरते. फ्रीनॅसच्या (ट्रूनॅसचं जुनं नाव) काळात पेनड्राइव्हवरून बूट करायची पद्धत होती, ती अजून कुणी पाळत असेल तर आजच सोडा. आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आहे, पण तो वीज गेल्याचं सर्व्हरला सांगत नाही. बॅटरी उतरली की मशीन धाडकन बंद. ज्या यूपीएसला यूएसबी केबल असते तो सांगतो, आणि ट्रूनॅसमधली यूपीएस सेवा चालू केली की मशीन स्वतः नीट बंद होतं. यूपीएस घेणं जमेपर्यंत निदान इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचा खटका असतो तो चालू ठेवा, नाहीतर वीज जाताच इन्व्हर्टर चालू व्हायला लागणाऱ्या त्या क्षणभरातच कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो.

माणूस नाही हे मात्र मला पटत नाही. लातूर, नांदेड, परभणीत हुशार पोरं आहेत. समोर आलेलं मशीन काय आहे हे त्यांना कुणी सांगत नाही, अडचण तिथे आहे. म्हणून माझी विनंती आहे की सर्व्हरच्या डब्यावर आजच मराठीत कागद चिकटवा: ‘या चार डिस्कवर डेटा आहे. फॉरमॅट करू नये. नवा पूल बनवू नये. जुना पूल इंपोर्ट करावा.’ खाली चारही डिस्कचे सीरियल नंबर, पूलचं नाव आणि ट्रूनॅसची आवृत्ती. तुमच्या मित्राच्या डब्यावर हा कागद असता तर तो मुलगा थांबला असता, निदान त्याने एक फोन केला असता.

एक्स्टर्नल हार्डडिस्क जरूर घ्या, पण सर्व्हरच्या सोबतीला. एका डिस्कवरची एकच प्रत टेबलावरून पडली की संपली. आणि सर्व्हरमध्ये कितीही डिस्क असल्या तरी चुकून पुसलेली फाइल चारही डिस्कवरून एकदमच पुसली जाते. दोन्ही लागतात, आणि शक्य असेल तर एक प्रत दुसऱ्या घरी. हे मी एवढं लावून धरतो त्याला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात औसा-उमरग्याकडची घरं मातीखाली गेली, आणि घरांसोबत भिंतीवरचे फोटोही गेले. अशा घरातल्या माणसाला आई-वडिलांचा लग्नातला चेहरा परत दिसायची आशा असते ती कुठल्या तरी स्टुडिओत राहिलेल्या निगेटिव्हमध्ये. तुमच्या मित्रासारखे स्टुडिओवाले लोकांच्या घरची ही ठेव सांभाळतात. ती नीट सांभाळायची सवय लागावी म्हणूनच तो लेख लिहिला होता.

आता तुमच्या मित्राबद्दल, कारण मला वाटतं अजून विचारण्यासारखं काही शिल्लक आहे. ते मशीन सध्या वापरात असेल तर आत्ता बंद करा, त्यावर नवीन काहीही टाकू नका. मग दोन गोष्टी विचारून मला कळवा. जुना पूल कसा होता: दोन-दोनच्या मिरर जोड्या (जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तेच), रेडझेड १ (एक डिस्क गेली तरी चालतं) की रेडझेड २ (दोन गेल्या तरी चालतं)? आणि नव्या पूलमध्ये चारही डिस्क घेतल्या होत्या की एखादी-दुसरी बाजूला राहिली? जुना पूल रेडझेड २ असेल आणि दोन डिस्कना हात लागलेला नसेल, तर सगळं अजून तिथेच आहे. दोन मिरर जोड्या असतील तर प्रत्येक जोडीतली एक तरी डिस्क अस्पर्श हवी. रेडझेड १ असेल तर तीन हव्यात. चारही घेतल्या असतील तर घरच्या घरी काही होणार नाही आणि मी खोटी आशा दाखवणार नाही. मग झेडएफएस जाणणाऱ्या रिकव्हरीवाल्याकडेच जावं लागेल, आणि त्याचीही खात्री नाही. तोवर चारही डिस्क काढून, त्यांवर १ ते ४ आकडे लिहून कोरड्या जागी ठेवायला सांगा, आणि दुकानातल्या त्या मुलालाच विचारा की त्याने नेमक्या कुठल्या डिस्क निवडल्या होत्या. त्याला आठवत असेल.