कितवे आलात?

मॅरेथॉनमध्ये अडकणं फार सोपं आहे. ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकतं, दोघंतिघं लगेच अंगठे वर करतात, तुम्ही चहा पीत बेसावध असता आणि तुमचाही अंगठा पडतो. झालं. आता तयारीला लागा. पळण्याची तयारी मी म्हणत नाही, ती कुणीही करतं. खरी तयारी करायची ती एका प्रश्नाची. शर्यतीनंतर निदान पंधरा दिवस भेटेल तो माणूस तुम्हाला एकच गोष्ट विचारणार आहे: कितवा नंबर आला? मजा आली का, गुडघे जागेवर आहेत का, असलं काही कुणी विचारत नाही. तेव्हा यापुढे जे काही कराल ते या प्रश्नाचं उत्तर डोळ्यांपुढे ठेवून करा.

सगळ्यात आधी, किती किलोमीटर पळणार हे कुणाला सांगू नका. पाच किलोमीटरसाठी नाव दिलं असलं तरी 'मॅरेथॉन पळतोय' एवढंच सांगायचं. ऐकणारा बेचाळीस समजला तर तो त्याचा चांगुलपणा. 'मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, बाकी सगळं नुसतं पळणं' असं चारचौघांत म्हणणारा एक जण मात्र प्रत्येक ऑफिसात असतो. त्याच्यासाठी थोडा इतिहास पाठ करून ठेवा. १८९६च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये हे अंतर साधारण ४० किलोमीटर होतं. १९०८ साली लंडनमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू झाली आणि स्टेडियममध्ये राजघराणं बसलं होतं त्या सज्जासमोर संपली. मधलं अंतर भरलं ४२.१९५. तेच पुढे १९२१ साली कायमचं ठरलं. म्हणजे हा आकडा मुळात खुर्च्या कुठे मांडल्या याचा हिशेब आहे. राजाच्या खुर्चीप्रमाणे अंतर बदलू शकतं, तर तुमच्या कमरेप्रमाणे का नाही?

(ज्याच्या दंतकथेवरून हे सगळं सुरू झालं तो ग्रीक दूत मॅरेथॉन नावाच्या गावाहून अथेन्सला धावत आला, विजयाची बातमी सांगितली आणि प्राण सोडला, असं म्हणतात. तो सुटला. शिवाय एकटाच पळाला होता, त्यामुळे नंबराचीही शंका नव्हती.)

सरावाचं वेळापत्रक छापून फ्रिजवर लावा. रंगीत. त्यात मंगळवारी काय, गुरुवारी काय, रविवारी लांब पल्ला किती, हे सगळं असतं आणि फ्रिज उघडताना ते दर वेळी दिसतं, एवढा व्यायाम पुरे. जाणकार मंडळी शर्यतीच्या आधी दोन-तीन आठवडे सराव उतरता ठेवतात, म्हणजे स्नायू ताजे राहतात. याला टेपर म्हणतात. तुम्ही पहिल्याच दिवसापासून टेपर सुरू करा. तुमचे स्नायू इतके ताजे राहतील की त्यांना कशासाठी बोलावलंय हेच शर्यतीच्या दिवशी कळणार नाही. तीच गोष्ट खाण्याची. लांब पल्ल्याचे धावपटू शेवटचे दोन-तीन दिवस पिष्टमय पदार्थ वाढवतात, स्नायूंमध्ये ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा भरून राहावा म्हणून. तुम्ही तीन महिने भरा. साठा कुठे जाऊन बसला ते आरशात दिसेलच.

बुटांचं म्हणाल तर ते नवेच हवेत, आणि खोक्यातून काढायचे ते शर्यतीच्या पहाटे. आठ आठवडे पायात घालून रुळवलेल्या बुटाला फोटोत चमक येत नाही. फोड कुठल्या बोटाला येणार याची उत्सुकताही शेवटपर्यंत टिकते.

मग बिब आणायला जायचं. बिब म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद, त्याला वेळ मोजणारी चिप चिकटवलेली असते. सोबत पिशवीत चार सेफ्टी पिना, सात-आठ जाहिरातींचे कागद आणि एक टी-शर्ट. आमच्या टी-शर्टावर पाठीवर मोठ्या अक्षरांत 'फिनिशर' छापलं होतं. शर्यत रविवारी, टी-शर्ट शुक्रवारी. निकालावर इतका विश्वास मी आजवर कुठल्याच परीक्षा मंडळाचा पाहिलेला नाही. तुम्हालाही असा मिळाला तर शनिवारीच घालून बाजारात जाऊन या. सोमवारी घालता येईल की नाही, सांगवत नाही.

रविवारी पहाटे साडेतीनला उठा. झोप लागलेली नसतेच, त्यामुळे हे वाटतं तितकं अवघड नाही. दिवा न लावता, घरच्यांना न उठवता बिब लावायचा. पहिल्या तीन पिना गुमान लागतात. चौथी टी-शर्ट, कागद आणि त्याखालचा माणूस असं तिन्ही एकत्र टाचते. तुम्ही दात-ओठ खाऊन ती सोडवता, पुन्हा लावता आणि बाहेर दिव्याखाली आल्यावर पाहता तर नंबर उलटा. तसाच राहू द्या. मान खाली घालून पाहिलं की तुम्हाला सुलट दिसतो.

मैदानावर पोचल्यावर बाकी काही दिसायच्या आधी एक रांग दिसेल. ती सुरुवातीच्या रेषेकडे जात नाही. तात्पुरत्या संडासांची आहे. या रांगेत जी माणुसकी दिसते ती पुढच्या कुठल्याच किलोमीटरवर दिसत नाही. कुणी बोलत नाही, सगळे एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत असतात, आणि दार उघडून बाहेर येणाऱ्याकडे मंडळी ज्या नजरेनं पाहतात तसं पुढे पहिल्या आलेल्या धावपटूकडेही पाहत नाहीत. माझ्यापुढे चार जण उरले होते तेव्हा मंचावरून दहापासून उलटे आकडे सुरू झाले. पाचावर दोघांनी रांग सोडली. शून्यावर तिसऱ्यानं. मी राहिलो. चिपची वेळ तुम्ही रेषा ओलांडाल तेव्हापासूनच मोजतात, बंदुकीच्या बारापासून नाही. सबंध लेखातल्या मोजक्या उपयोगी सल्ल्यांपैकी हा एक, तो मी रांगेत उभा राहून शिकलो.

तुम्ही वेळेवर पोचलातच तर सगळ्यात पुढे जाऊन उभे राहा. पुढे काटकुळी, गप्प, अंगावर दोन चिंध्यांएवढेच कपडे असलेली मंडळी दिसतील. त्यांच्याही पुढे. झेंडा पडला की जीव खाऊन सुटा. पहिल्या चारशे मीटरांत तुम्ही कितवे आहात हे कुणीतरी पाहिलं पाहिजे, कारण यापुढे तो आकडा सांगण्यासारखा राहणार नाही. पेसर म्हणून काही लोक पाठीवर वेळेचा झेंडा लावून एकसारख्या गतीनं पळतात, त्यांच्या मागे राहिलं तर ठरल्या वेळेत पोचता येतं म्हणे. अशांना पहिल्याच किलोमीटरला मागे टाका. पुढे ते तुम्हाला गाठतील, हात करतील, निघून जातील. ओळख झाली हे काय कमी आहे?

धावपटू ज्या भिंतीबद्दल बोलतात ती पूर्ण मॅरेथॉनमध्ये साधारण ३० ते ३५ किलोमीटरच्या दरम्यान लागते. शरीरातला ग्लायकोजेन संपत येतो, पाय शिशाचे होतात, डोकं 'कशाला?' असं विचारायला लागतं. तुमच्या सरावाकडे पाहता ही भिंत तुम्हाला सामोरी येऊन तिसऱ्या किलोमीटरलाच भेटेल. तिथून पुढे चालायचं, पण कॅमेरा पाहून. फोटोवाले वळणावर रस्त्यात आडवे झालेले असतात. ते दिसले की पळा, हसा, दोन्ही अंगठे वर करा. फोटोत मात्र तुमचे डोळे मिटलेले, गाल एका बाजूला गेलेले आणि दोन्ही पाय जमिनीवर असतील. शेजारून जाणाऱ्या आजोबांचे दोन्ही पाय हवेत असतील.

पाण्याच्या टेबलाबद्दल दोन शब्द. टेबलं ओळीनं पाच-सहा असतात, पण सगळ्यांनी पहिल्यावरच तुटून पडायचं असा दंडक आहे. पेला घ्या, एक घोट प्या, उरलेला मागच्याच्या बुटांवर ओता, पेला रस्त्याच्या मधोमध टाका. डबा दोन पावलांवर असला तरी. डब्यात टाकला तर तुम्ही पुरेसे दमलेले नाही असा अर्थ निघतो. मात्र दिसेल त्या प्रत्येक टेबलावर पेल्यांवर पेले रिचवू नका, आणि इथे मी थट्टा करत नाहीये: तहानेपेक्षा फार जास्त पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते माणसाच्या खरोखर जिवावर बेतू शकतं. बरं, पुढे.

घड्याळाशी मात्र भांडायलाच हवं. मान्यताप्राप्त शर्यतीचा मार्ग सायकलच्या चाकाला मोजणी-यंत्र लावून मोजतात, तोही वळणांवर आतल्या कडेनं, म्हणजे शक्य तेवढ्या आखूड रेषेनं. वर चुकून कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर मुद्दाम जास्त धरतात. तुम्ही मात्र पाण्यासाठी डावीकडे, फोटोसाठी उजवीकडे, ओळखीच्याला टाळायला पुन्हा डावीकडे असे पळालेले असता. दहा किलोमीटरच्या शर्यतीत मनगटावर १०.४ दिसणारच. लगेच आयोजकांना गाठा आणि ज्यादा चारशे मीटरांचा जाब विचारा. वेळ का लागला याचं कारण आयतं मिळतं.

कुणाला आडवाटेचा मोह होईल. त्यालाही परंपरा आहे. १९०४च्या सेंट लुइस ऑलिम्पिकमध्ये फ्रेड लोर्झ नावाचा गडी वाटेत दमला, मोटारीत बसला, पुढे उतरून थेट स्टेडियममध्ये धावत शिरला आणि लोकांनी त्याला विजेता म्हणून डोक्यावर घेतलं. थोड्या वेळानं बिंग फुटलं. मग पदक मिळालं ते थॉमस हिक्सला, ज्याला त्याच्या माणसांनी वाटेत स्ट्रिकनिन आणि ब्रँडी पाजत कसंबसं आणलं होतं. स्ट्रिकनिन म्हणजे तेच, उंदीर मारायचं. त्या दिवशी ३२ जण निघाले आणि १४ पोचले, तेव्हा नंबर सांगणं किती सोपं असेल! आता वाटेत जागोजागी चिप वाचणाऱ्या पट्ट्या अंथरलेल्या असतात. एक चुकली तरी निकालाच्या यादीतून नाव गायब होऊ शकतं. मोटारीचा नाद सोडा.

मोटार मात्र तुमचा नाद सोडत नाही. शेवटच्या पळणाऱ्यांमागे एक रुग्णवाहिका, तिच्यामागे रस्त्यातले शंकू गोळा करणारा टेम्पो अशी मिरवणूक असते. माझ्या शेवटच्या दोन किलोमीटरांना ती मला लाभली. रुग्णवाहिकेचा चालक पहिल्या गिअरमध्ये, खिडकीबाहेर कोपर काढून, माझ्या बरोबरीनं चालवत होता. "बसता का साहेब?" त्यानं विचारलं. मी मानेनं नाही म्हटलं. शंभर मीटरांवर पुन्हा, "पाणी देऊ?" नाही. मग तो बराच वेळ गप्प राहिला आणि शेवटी अगदी आपुलकीनं म्हणाला, "नाही, माझी ड्युटी तुम्ही पोचल्यावर सुटते, म्हणून विचारलं." मागे शंकू एकात एक बसल्याचा आवाज येत होता. टप्. टप्. त्या तालावर मी उरलेलं अंतर काढलं, आणि प्रामाणिकपणे सांगतो, सबंध सकाळीत तेवढंच एक पळणं मला एका लयीत जमलं.

शेवटच्या रेषेवर हवा भरलेली कमान असते. मी दिसलो तेव्हा कुणीतरी तिचा पंखा बंद केलेला होता. मी तीस मीटरवर असताना तिचा एक खांदा पडला, दहावर असताना मधला भाग, आणि मी खालून गेलो तेव्हा ती माझ्यापुढे वाकलेली होती. पहिल्या आलेल्याच्या वेळी ती ताठ उभी होती, हे मी चौकशी करून खात्री करून घेतलं आहे. पदकं वाटणारी मुलगी खोकं बंद करत होती. तिनं चिकटपट्टी उचकटली, पदक माझ्या गळ्यात घातलं आणि "दोन घेता का?" म्हणाली.

आता उत्तराचं. 'वेळ किती लागला?' असं विचारणारा जरा जाणकार असतो, त्याला शिझो कानाकुरीचं नाव सांगा. हा जपानी धावपटू १९१२च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये उन्हानं बेजार झाला, वाटेतल्या एका घरी थांबला आणि आयोजकांना न कळवता मायदेशी परतला. १९६७ साली त्याला पुन्हा बोलावून शर्यत पुरी करायला लावली. नोंदलेली वेळ: ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं आणि २०.३ सेकंद. त्याच्यापुढे तुमचे दीड तास कुणाला जास्त वाटतील? नंबराचं उत्तर याहून सोपं आहे. नावनोंदणी केलेले कितीतरी लोक त्या पहाटे गजर बंद करून झोपतात. ते सगळे तुमच्या मागे. आकडा आयोजकांकडून आणा, वजाबाकी करा आणि मोठ्यानं सांगा.

मी ही वजाबाकी करून ठेवली होती. तोंडपाठ होती. सोमवारी सकाळी टी-शर्ट घालून घराबाहेर पडलो. मांड्यांची अशी अवस्था की जिना चढता येत होता, उतरता येत नव्हता. असं का होतं, तर उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, आणि दुखऱ्या स्नायूला नेमकं तेच सोसत नाही. त्यावर उपाय एकच: उलटं उतरायचं. कठडा दोन्ही हातांनी धरून, तोंड भिंतीकडे, पाठ खालच्या दिशेला, असा मी एकेक पायरी चाचपत येत असताना खालून शेजारच्या काकांचा आवाज आला.

"काय हो, मॅरेथॉनला गेला होतात म्हणे! कितवे आलात?"

मी थांबलो. वळता येईना. आकडा ओठांवर आणला, तेवढ्यात काका दोन पायऱ्या वर आले, चष्मा नाकावर सरकवला आणि माझी पाठ मोठ्यानं वाचली.

"फि-नि-शर." मग जरा हळू आवाजात, "अरेरे. संपलात का?"