जन्म कुठे घ्यावा: अथेन्सला की रोमला?

राजकारणात उतरायचं मनावर घेतलंच असेल, तर पक्षबिक्ष नंतर बघा. आधी जन्म कुठे घ्यायचा ते ठरवा. प्राचीन अथेन्स आणि प्राचीन रोम, दोन्ही स्थळं खानदानी आहेत; सासुरवास तेवढा वेगवेगळा.

अथेन्सला जायचं तर पुरुष म्हणूनच जा, गुलाम म्हणून नको, आणि आईवडील दोघेही अस्सल तिथलेच निवडा. इ.स.पू. 451 मध्ये तिथला पुढारी पेरिक्लीस याने तसा कायदाच करून घेतला. घाबरू नका, सवलत मिळते. त्याच पेरिक्लीसची दोन्ही औरस मुलं साथीत गेली, तेव्हा परक्या गावच्या अस्पेशियापासून झालेल्या त्याच्या मुलाला लोकांनी नागरिक करून घेतलं. पोरगा पुढे सेनापती झाला. इ.स.पू. 406 मध्ये अर्गिनुसाईची सागरी लढाई जिंकली, आणि वादळात बुडणारे खलाशी वाचवले नाहीत म्हणून नागरिकांच्या सभेने त्याच्यासकट सहा सेनापतींना देहान्त दिला. नंतर लोकांना पश्चात्ताप झाला. मनाने चांगलीच माणसं!

पदासाठी अनुभव लागत नाही. 500 जणांचं मंडळ चिठ्ठ्या टाकून निघतं. फक्त डोळ्यांत भरेल असं काही करू नका. तिथे खापर फोडत नाहीत, खापरावर नाव लिहितात. सभेत 6000 खापरं जमली की ज्याचं नाव सर्वांत जास्त, तो 10 वर्षं हद्दपार. आरोप नाही, खटला नाही. मतदाराला लिहिता येत नसेल तर त्याचीही सोय असावी: अक्रोपोलिस या अथेन्सच्या टेकडीच्या उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याच्या नावाची 190 खापरं सापडली, आणि अक्षर जेमतेम चौदा हातांचं. तयार माल!

एवढी धाकधूक सोसवत नसेल तर रोम गाठा. तिथे मत सगळ्या पुरुष नागरिकांना आहे, पण मोजायचं गटागटाने. जुन्या हिशेबात गट 193. त्यातले 18 घोडेस्वारांचे, 80 पहिल्या वर्गातल्या पैसेवाल्यांचे. बेरीज करा: 98. बहुमत झालं की मतदान बंद! कफल्लक जनता सगळी मिळून एकाच गटात, तीही रांगेच्या शेवटी. उन्हातून घरी लवकर जायला मिळतं, हे कमी आहे का?

तेव्हा अंगरखा खडूने पांढराशुभ्र करा, समोरून येणाऱ्याचं नाव कानात सांगणारा एक गुलाम पाळा आणि कॉन्सलपदाला, म्हणजे रोमच्या सर्वोच्च पदाला, उभे राहा. कॉन्सल दोन असतात, वर्षभरासाठी, एकमेकांना अडवायला. सोबती मात्र पारखून घ्या. इ.स.पू. 59 मध्ये बिबुलसच्या वाट्याला ज्युलियस सीझर आला. भर चौकात त्याच्या डोक्यावर शेणाची पाटी रिकामी झाली. मग गडी उरलेलं वर्ष घरात बसून आकाशातले अपशकुन शोधत राहिला, आणि टवाळखोर त्या सालाला ‘ज्युलियस आणि सीझर यांची कारकीर्द’ म्हणू लागले.

तर घर घेताना गच्ची बघून घ्या. आकाश नीट दिसायला हवं.