आडून बोलणं ही पळवाट नव्हे

इंडोनेशियाच्या पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाउ समाजाबद्दल एक समज सगळीकडे फिरत असतो. त्यांचे पेंगहुलू, म्हणजे ज्यांचं पद मामाकडून भाच्याकडे जातं ते कुळप्रमुख, कधी सरळ बोलत नाहीत. म्हणींआड लपतात, ऐकणाऱ्याला काही कळत नाही आणि वरच्याला जाब विचारायची त्यांची रीतच नाही. तिन्ही गोष्टी चूक.

‘कधी सरळ बोलत नाहीत.’ कुणाशी? तिथे बोलण्याच्या चार वाटा मानतात, ‘कातो नान आम्पेक’. थोरांशी चढती, धाकट्यांशी उतरती, बरोबरीच्यांशी सपाट आणि चौथी तिरकी, ‘मालेरेआंग’. ही चौथी वाट खास सोयरिकीसाठी. घर-जमीन आईकडून लेकीकडे जाते आणि परंपरेने नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. त्याची गत ‘तोडलेल्या झाडाच्या खुंटावरच्या राखेसारखी’, वारा आला की उडाली. अशा माणसाला मेव्हण्याने तोंडावर सुनावलं, तर तो उद्या आपल्या आईच्या घरी परत. म्हणून रोख दुसरीकडे ठेवून बोलायचं. ‘लेकी बोले सुने लागे’ म्हणणाऱ्या आपल्याला हे नवं नाही. तिथे सुनेच्या जागी जावई आहे, इतकंच!

‘ऐकणाऱ्याला कळत नाही.’ याचं उत्तर त्यांच्याच म्हणीत आहे: किलेक बालिउआंग लाह का काकी, किलेक चामिन लाह का मुको. वाकसाची चमक पायाकडे, आरशाची चमक तोंडाकडे. सुताराचा वाकस पायाजवळच चालतो. तो चमकला की पाय सावरायला कुणी ओरडून सांगावं लागत नाही. शिवाय लग्नकार्यातलं ‘पासाम्बाहान’, म्हणजे दोन्ही बाजूंच्या वक्त्यांचं रीतसर बोलणं, बघा. पानसुपारीचं तबक पुढे येतं, एका बाजूचा वक्ता बोलतो. दुसरा लगेच उत्तर देत नाही. आधी समोरच्याचंच म्हणणं पुन्हा बोलून दाखवतो, आपल्या माणसांशी मसलत करतो, मग तोंड उघडतो. लांबण लागते, हे खरं. पण ‘मी तसं म्हणालोच नव्हतो’ म्हणायची सोय उरत नाही.

‘वरच्याला जाब नाही.’ राजो आलिम राजो दिसाम्बाह, राजो लालिम राजो दिसांगाह: धर्माने वागेल त्या राजाला वंदन, जुलूम करेल त्याला विरोध. यात आडवळण कुठे आहे? पेंगहुलूला वडाची उपमा देतात, तीही नुसती स्तुती नाही. मुळांवर बसता यावं, खोडाला टेकता यावं, पानांखाली आसरा मिळावा, अशी कामांची यादीच त्यात येते. आणि त्याच पेंगहुलूबद्दल हेही म्हणतात, की तो मोठा आहे तो लोकांनी मोठा केला म्हणून.