लिंक उघडली म्हणून फोन कोणाच्या ताब्यात जात नाही

सोयाबीन निघायच्या दिवसांत आमच्याकडच्या गटांवर एक मेसेज फिरून राहिला आहे: 'कोणतीही लिंक उघडली की सर्व्हर तुमचा ब्राउझर ताब्यात घेतो. कॅमेरा सुरू होतो, गॅलरी जाते, आधी काय पाहिलं ते कळते, टॅब बंद केला तरी मागं चालूच राहते. अनुदानाची लिंकही उघडू नका.' मी गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र चालवतो. परवा एक काका फोन दुपट्ट्यात गुंडाळून आले. "भाऊ, तूच उघड गा. माह्या हातानं नको."

'ताब्यात घेतो'? ब्राउझर म्हणजे फोनातलं पानं उघडणारं अ‍ॅप, सर्व्हर म्हणजे ती पानं पाठवणारा दूरचा संगणक. ब्राउझर मागतो आणि सर्व्हर देतो, असा हा क्रम आहे. सर्व्हर पान पाठवेल, दुसऱ्या पत्त्यावर वळवेल, कुकी, म्हणजे ओळखीची छोटी चिठ्ठी, ठेवायला सांगेल, सोबत जावास्क्रिप्ट, म्हणजे पानातली आज्ञावली, हीही पाठवेल; पण ती चालते ब्राउझरनं आखून दिलेल्या कुंपणात. तुम्ही स्वतः उघडलेला टॅब पानाला सहसा बंदसुद्धा करता येत नाही. बँकेतून लॉगआउट झाल्यावर 'कृपया ही विंडो बंद करा' अशी विनवणी येते ना, ती याचमुळे.

कॅमेऱ्याचं काकांना करूनच दाखवलं. चाचणीचं एक पान उघडलं, तर ब्राउझरनं आधी विचारलं: परवानगी द्यायची की नाही? "अन् दाबलं त?" "दाबलं त दिसन ना, काका." चुकून दिलेली परवानगी पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर दाबून काढून घेता येते, हे मात्र त्या मेसेजमध्ये कुठंच नाही.

गॅलरी? सातबाऱ्याचा फोटो चढवताना तो तुम्हालाच निवडावा लागतो. निवडला तेवढाच जातो.

आधी काय पाहिलं, यात अर्धं खरं आहे. एका साइटच्या पानाला दुसऱ्या साइटचं पान वाचता येत नाही. हा नियम नव्वदच्या दशकातल्या नेटस्केप 2 या ब्राउझरपासूनचा. पण एकाच जाहिरात कंपनीच्या कोडचा तुकडा दहा साइटींवर बसवलेला असला, तर ती कुकीवरून तुमचा माग काढू शकते. त्याला पाळत म्हणा, ताबा नाही.

टॅब बंद केला की पान थांबतं. नोटिफिकेशनला होकार दिला असेल तर त्या येत राहतात, बस.

ब्राउझरमध्येच भोक सापडलं तर हे कुंपण तुटू शकतं. अशी भोकं सापडतात, म्हणून तर अपडेट येतात. वर्ष-वर्ष अपडेट न करणाऱ्यांनी घाबरावं, त्यांना कारण आहे.

खरी चोरी मात्र दुसऱ्याच दारानं होते. ज्या गटावर हा इशारा आला, त्याच गटावर दोन मेसेज खाली 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल पडलेली. ते पान नव्हे, अ‍ॅप आहे. अँड्रॉइड 8 पासून, म्हणजे 2017 पासून, प्ले स्टोअरबाहेरचं अ‍ॅप टाकताना फोन वेगळी परवानगी मागतो. ती दिली, वर एसएमएस वाचायलाही होकार दिला, की ओटीपी थेट चोराच्या हातात. ब्राउझर त्यात कुठंच नसतो. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा.

काकांची लिंक तपासली. पत्ता गव्ह डॉट इनचाच होता. ई-केवायसी बाकी होती, करून दिली. मग डाउनलोड उघडून पाहिलं, तर ती एपीके दोनदा उतरवलेली.

"टाकली काऊन नाही, काका?"

"फोनात जागाच नव्हती ना बाप्पा."