शिव्या घालणारा बॉस माणूस घडवतो म्हणे

आठ दिवस झाले, बेळगावातल्या आमच्या सगळ्या ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरतोय, 'शिव्या घालणारा बॉस मिळाला तर नशीब समजा, भीतीनंच काम चोख होतं, पळाले ते कच्चे, टिकले ते सोनं.' खाली अंगठ्यांची रांग. मी इथल्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, बारा वर्षं सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर काढलीत, म्हणून गप बसवेना.

भीतीनं काम चोख होतं? काम न्हाई ओ, लपवालपवी चोख होते. आमचा एक सुपरवायझर नवा इन्सर्ट, म्हणजे मशीनच्या टूलची कापणारी टीप, मागितला की चार माणसांत आई-बाप काढायचा. मग इन्सर्ट झिजलाय, बोअरचा, म्हणजे पार्टमधल्या भोकाचा साईज सरकतोय हे दिसतंय, खरं सांगणार कोण? तसंच रेटायचं, गेजच्या मापात न बसलेले जॉब, म्हणजे पार्ट, क्रेटच्या तळाला आणि वर चांगले रचायचे. मी पण घातलेत, खोटं कशाला बोलू. लॉट परत आला की परत शिव्या, मग पुढच्या खेपेला आणखी तळाला. अमेरिकेत एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी हॉस्पिटलात औषधांच्या चुका तपासल्या, १९९६ ला पेपर आला, तर चांगल्या हेडच्या वॉर्डांतच चुका जास्त निघाल्या, कारण तिथं नर्सेस उघड बोलत होत्या. दुसरीकडं चुका झाकलेल्या!

टिकले ते सोनं, हे तर लईच. बेनेट टेपर या संशोधकांनी २००० साली असल्या बॉसवर अभ्यास केला, त्यात नोकरी सोडणारे जास्त निघालेच, खरं राहिले त्यांचंही कामातलं मन उडालेलं, टेन्शन वाढलेलं, घरात कटकट. आणि ज्याला दुसरी नोकरी मिळणं अवघड त्याला त्रास जास्त. खानापूरहून रोज बसनं येणारा, डोक्यावर पतसंस्थेचं कर्ज असलेला माणूस टिकतो तो निष्ठेनं व्हय? तो सांगितलं तेवढंच करतो, नव्या पोराला शिकवायच्या भानगडीत पडत नाही, आणि साहेबावरचा राग हेल्परवर काढतो.

कुणी म्हणेल मग काय लाड करायचे काय. कडक असणं वेगळं ओ. आमचे पहिले मिस्त्री मायक्रोमीटरचं रीडिंग चुकलं तर दहादा मोजायला लावायचे, जेवणाची सुट्टी गेली तरी सोडायचे नाहीत, खरं इन्सर्ट मागितला की आधी झिजलेला हातात घेऊन बघायचे आणि गपचूप नवा काढून द्यायचे.